आय कॉन्ट्रॅडिक्ट टू यू!

वादात आपली बाजू लंगडी पडायला लागली, की पुरावे शोधत बसू नका. चष्मा नाकावर चढवा आणि शांतपणे म्हणा, "सॉरी, बट आय कॉन्ट्रॅडिक्ट टू यू." त्यातला 'टू' गाळू नका. या क्रियापदाला थेट कर्म लागतं, मधे 'टू' किंवा 'विथ' लुडबुडत नाही, असं व्याकरणवाले सांगतात. सांगू देत. समोरचा त्या 'टू'वर अडकला, की मूळ मुद्दा तो विसरलाच म्हणून समजा.

शब्द निवडतानाही डोकं वापरा. 'रिफ्यूट'च्या वाटेला जाऊ नका. त्यात समोरच्याचं म्हणणं खोटं असल्याचं दाखवून द्यावं लागतं, म्हणजे गृहपाठ आला. (नुसतं नाकारलं तरी 'रिफ्यूट केलं' असं ठोकून देणारे पुष्कळ आहेत. ते आपले गुरू.) 'कॉन्ट्रॅडिक्ट'ला असली भानगड नाही. लॅटिनमध्ये 'कॉन्ट्रा' म्हणजे विरुद्ध आणि 'डिकेरे' म्हणजे बोलणं. उलट बोललात, काम झालं. बरोबर कोण, हे ठरवायची जबाबदारी त्या शब्दावर नाही, मग तुमच्यावर कुठून येणार?

या शब्दाचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. त्याला कर्ता म्हणून माणूस लागतोच असं नाही. दोन जबान्या, दोन अहवाल, दोन तारखा, कोणीही एकमेकांना कॉन्ट्रॅडिक्ट करू शकतं. परवा मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, की फाइल शुक्रवारीच पाठवली. शेजारच्याने लॅपटॉप फिरवून दाखवला. मेल सोमवारचा, सकाळी ११:४० चा. मी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणालो, "हं, या दोन तारखा एकमेकींना कॉन्ट्रॅडिक्ट करतायत खऱ्या." सगळे गंभीरपणे तारखांकडे बघू लागले. माझ्याकडे कोणीच बघेना.

एका माणसापासून तेवढं सावध राहा. त्याने तर्कशास्त्र वाचलेलं असतं. तुम्ही म्हणालात "सगळे कावळे काळे असतात", तर "एकही कावळा काळा नसतो" असं तो म्हणणार नाही. ती दोन्ही विधानं एकाच वेळी खोटी ठरू शकतात, हे त्याला ठाऊक असतं. ती नुसती 'कॉन्ट्ररी'. तो कुठूनतरी एक पांढरा कावळा पकडून आणतो आणि "काही कावळे काळे नसतात" एवढंच म्हणतो. हे झालं 'कॉन्ट्रॅडिक्टरी'. यातलं एक खरं, की दुसरं खोटं ठरलंच, पळवाट नाही. अशा वेळी कावळ्याच्या तब्येतीची चौकशी करावी.

स्वतःलाच कॉन्ट्रॅडिक्ट करणं ही पुढची पायरी. आपल्याकडे याला वदतोव्याघात असा भारदस्त शब्द आहे. जुन्या पंडितांच्या उदाहरणातला गृहस्थ तोंड उघडून सांगतो, की मी जन्मभर मौन पाळलंय, माझे वडील ब्रह्मचारी आणि आई वंध्या. इतकं लांब जायचं नसेल, तर आपली म्हण आहेच. 'मी नाही त्यातली' एवढ्यावर थांबलात तर तो साधा 'डिनायल'. 'कडी लावा आतली' जोडलंत, की कॉन्ट्रॅडिक्शन पुरं.

मी स्वतः मात्र कधी कोणाला उलट बोलत नाही. हे वाचून घरातून आवाज आला, "बोलतोस की!"

"मुळीच नाही," मी म्हणालो.