बारदानासकट एक्क्याण्णव

गेल्या शनिवारी माझं वजन तीन भाषांत जाहीर झालं. आधी कानडीत, मग मराठीत आणि शेवटी, कुणाची गैरसोय नको म्हणून, इंग्रजीत. सीमाभागात राहायचं म्हणजे एवढं चालायचंच, असं नवरा म्हणाला. त्याचं वजन कुणी जाहीर केलं नव्हतं.

निमित्त विज्ञान केंद्राचं. पोराला ते दाखवायचं असं ठरलं, म्हणजे नवऱ्यानंच ठरवलं. पोरगं अडीच वर्षांचं. पण मुलांची जिज्ञासा लवकर जागी करावी असं याला मोबाइलवर कुणीतरी सांगितलंय. आमच्याकडची जिज्ञासा पहाटे साडेपाचला आपोआप जागी होते आणि रिमोट पिंपात बुडतो का ते बघते. ती निजवायची सोय कुठं असेल तर तिथं चला, म्हटलं. कुणी ऐकलं नाही. केंद्राचं नाव सांगत नाही. सकाळी बेळगावातून निघालं की पोराला गाडी लागायच्या आत पोचता येतं, एवढंच सांगते.

दारात पाटी होती, तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. मोफत का, ते आत गेल्यावर कळतं. त्यांच्यासाठी आत काही नाहीच. सगळी बटणं, चाकं, दांडे आठ-दहा वर्षांच्या पोराच्या छातीच्या उंचीवर. त्यामुळं मोफत आलेला प्रेक्षक दिवसभर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाच्या कडेवर बसून विज्ञान बघतो.

तर चिनू कडेवर. खांद्याला पिशवी. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, दूधभाताचा डबा, कपड्यांचे जोड, दुपटं, छत्री, नवऱ्याचं जॅकेट आणि कुणी बसवला ठाऊक नाही असा एक लाकडी बैल. आणि समोर तो काटा.

हा काटा म्हणजे जमिनीत बसवलेली स्टीलची पाटी. वर ग्रहांचं चित्र, प्रत्येक ग्रहाखाली बटण, आणि माथ्यावर लाल आकडे, एवढे ठळक की आमच्या स्टँडवरच्या बसच्या पाटीनं लाजावं. चिनूला त्या लाल उजेडाला हात लावायचा होता. उजेडापर्यंत जायची वाट पाटीवरूनच होती.

"तोंबत्तोंदु!"

मागून आवाज आला. मला वाटलं कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला.

"एक्क्याण्णव!" मग जरा थांबून, "नाइंटी वन!"

मागं वळून बघितलं तर धोतर, पांढरी टोपी, बिनबाह्यांचा स्वेटर आणि चष्म्याला दोरी. वय पंचाहत्तरीच्या आतबाहेर. आकडा वाचताना मान अशी मागं गेलेली की आवाज हॉलच्या पलीकडं बसलेल्या कारकुनाला पोचावा. कारकून नव्हता. पण शाळेची सहल होती. गणवेशातली पोरं रांगेत उभी, आणि त्यांच्या बाईंनी 'जे बघाल ते वहीत लिहा' म्हणून सांगितलेलं. पोरांनी लिहिलं. मी डोळ्यांनी बघितलं, पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं एक्क्याण्णव लिहून खाली पट्टीनं रेघ मारली.

"काका, कडेवर पोर आहे," मी म्हटलं.

"हाय की. दिसुलालंय की."

"आणि ही पिशवी."

"ती बी दिसुलालीय. खरं काटा एक्क्याण्णव दाखवुलालाय."

"अहो, म्हणजे ते वजा करायला नको का?"

त्यावर काकांनी चष्मा काढला. मार्केट यार्डात जन्मभर मापाडी होतो, असं सांगितलं. बटाटा, कांदा, मिरची, गूळ. पोतं नुसतं हलवून वजन सांगतो, पावशेर इकडंतिकडं होणार न्हाई. काटा खोटा म्हणून माझ्याशी भांडलेला शेतकरी अजून जन्मायचाय. हे सगळं मी काट्यावर उभी असताना. उतरायची वाट त्यांनीच अडवलेली आणि चिनूनं गुरू ग्रहाचं बटण दाबून धरलेलं.

"आमच्यात बारदान वजा करत्यात," काका म्हणाले. "पोतं रिकामं करायचं, झाडायचं, मग बारदान काट्यावर ठेवायचं. तुमी पोराला खाली ठेवा, पिशवी ठेवा, परत चढा. मी सांगतो की बरोबर."

परत चढा! आणि मग खरा आकडा पुन्हा तीन भाषांत!

"नको, अंदाजानं धरा की. कडता धरतात तसा." माझे मामा बटाटे लावायचे, त्यामुळं कडता म्हणजे पोत्यामागं अंदाजानं धरलेली घट, एवढं मला येतं.

काकांचा चेहरा पडला. "कडता बंद झालाय बाई," ते म्हणाले. "शेतकऱ्याचं लई नुकसान व्हायचं त्यात."

इथं नवऱ्यानं यायला हवं होतं. तो पलीकडं कप्पीच्या खुर्चीत बसून स्वतःलाच दोरीनं वर ओढून घेत होता. चार कप्प्या लावल्या की चौथाईच जोर लागतो, असं त्यानं नंतर गाडीत समजावून सांगितलं. घरात सिलिंडर हलवायचा असला की कुठं जातात या कप्प्या?

1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आमचा भाग वादात आहे. 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर इथं डोकी फुटलीत. दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी अजून पाहिलं नव्हतं, ते त्या हॉलमध्ये पाहिलं. सहलीची पोरं कानडी, त्यांच्यामागं निपाणीकडचं एक मराठी कुटुंब, रखवालदार दोन्ही बोलणारा. सगळ्यांना एक्क्याण्णव मान्य होतं.

मग काकांना माझी दया आली. "घाबरायचं न्हाई," म्हणाले, आणि बटणं दाबायला लागले. चंद्रावर पंधरा. "बघा, पंधराच!" मंगळावर पस्तिसाच्या आत. "हे बी वाईट न्हाई." चिनूनं मध्येच गुरू दाबला आणि आकडा दोनशेच्या वर गेला. पोरांच्या रांगेतून 'अब्बब्बा' आलं. पट्टीवाल्या मुलीनं नवं पान काढलं.

आता मी बी.एस्सी.पर्यंत भौतिकशास्त्र शिकलेय. मला हे सहन होईना. म्हटलं, काका, मुळात हा काटाच चुकीचं शिकवतोय. किलो हे वस्तुमान. वजन म्हणजे बल, ते न्यूटनमध्ये मोजायचं. चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण सहावा हिस्सा, म्हणून तिथं वजन कमी भरतं. पण वस्तुमान म्हणजे आपल्यात ऐवज किती आहे ते. ते कुठंही गेलं तरी तेवढंच. चंद्रावर, मंगळावर, कुठंही.

मला वाटतं मी चांगलं शिकवलं. रांग शांत होऊन ऐकत होती. बाईसुद्धा.

काकांनी विचार केला. मग मान मागं नेली आणि कानडीत, मराठीत सगळ्यांना नीट समजेल असं सांगितलं, "म्हणजे ह्या कुटं बी गेल्या तरी एक्क्याण्णवच!"

मी उतरले.

पुढचं केंद्र भराभर सांगते, कारण ते भराभरच झालं. एक उभा बहिर्वक्र आरसा होता, माणसाला बारीक करणारा. तिथं फक्त बायकांची रांग होती आणि एकीलाही घाई नव्हती. हलणारा, ओरडणारा डायनासोर होता. त्याला बघून चिनूनं जी किंकाळी फोडली तिनं डायनासोरच गप्प झाल्यासारखा वाटला. फुकोचा लंबक होता. 1851 मध्ये फुकोनं पॅरिसच्या पॅंथिऑनमध्ये 67 मीटर तारेला 28 किलोचा गोळा टांगला आणि पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांसमोर दाखवलं. लंबक आपल्या दिशेनं झुलत राहतो, खालची जमीन फिरते. ध्रुवावर उभं राहिलात तर दिवसभरात पूर्ण फेरी दिसेल. आपण विषुववृत्तापासून जेमतेम सोळा अंशांवर, म्हणून इथं त्याच फेरीला सुमारे 88 तास लागतात. एवढा वेळ एका जागी उभं राहून पृथ्वीकडं बघणारी आई मला दाखवा. चिनूनं 'झोका' म्हटलं, आत जायला रेलिंगखाली डोकं घातलं आणि पृथ्वी तिथंच सोडून आम्हाला निघावं लागलं.

त्यातल्या त्यात मला आवडल्या त्या कुजबुजीच्या तबकड्या. हॉलच्या दोन टोकांना समोरासमोर दोन मोठ्या वाट्या. एकीच्या नाभीपाशी, म्हणजे वाटीसमोरच्या ठरलेल्या जागी, तोंड नेऊन पुटपुटलं की आवाज वाटीवर आपटून सरळ रेषेत समोर जातो आणि तिथली वाटी तो गोळा करून पलीकडच्या कानात सोडते. मधल्या गर्दीला पत्ता लागत नाही. माझ्याजवळ कुणी नव्हतं. मी वाटीत तोंड घालून हळूच म्हटलं, "मला घरी जायचंय."

वाटीतून उत्तर आलं, "एवड्यात? आत्ता तर आलासा!"

पलीकडं पांढरी टोपी.

चिनूनं दिवसभरात मनापासून बघितलेली वस्तू एकच, जिन्याखाली आगीसाठी टांगलेली वाळूची लाल बादली. बाटलीच्या टोपणानं वाळू काढायची, मुठीत घ्यायची, करंगळीच्या फटीतून बारीक धार सोडायची, धार संपली की मूठ उघडून आत बघायचं, वाळू कुठं गेली. आणि परत. मला विचाराल तर त्या इमारतीतला सगळ्यात चोख प्रयोग तोच चालला होता. रखवालदार आला. 'हात लावून बघा' असं कानडी-इंग्रजीत लिहिलेल्या बोर्डाखाली उभा राहून म्हणाला, "मुट्टबेड्री." म्हणजे हात लावू नका.

आणि मग जे व्हायचं ते झालं. दुपटं बदलायला जागा शोधायला निघाले. बाळ बदलायचं असं टेबल नाही, कट्टा नाही. स्वच्छतागृहात ओली फरशी आणि खिडकीत फिनेलची बाटली. विश्वाचा जन्म दाखवायला एक अंधारी खोली आहे, जन्मलेल्याला कोरडं करायला एक कोपरा नाही. विचारलं तर मावशी म्हणाल्या, एवढ्या लहान पोराला कशाला आणायचं? हे उत्तर मला बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यातसुद्धा मिळालेलं आहे. पोर घरात ठेवलं तर मोबाइल दाखवता म्हणायचं, बाहेर नेलं तर कशाला आणलं म्हणायचं, आणि दोन्हीकडं सांगणारे लोक नेमके तेच. शेवटी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत बदललं. शेजारच्या गाडीतल्या आजींनी काच खाली करून, पावडर जास्त लावू नका, असं सांगितलं.

नवऱ्याला मी म्हटलं, तू बस आता याला घेऊन, मला तक्रार लिहायचीय. आणि परत आत गेले.

अभिप्राय वही तिकीट खिडकीजवळ होती, पेन सुतळीनं बांधलेलं. रकाने आखलेले. वरची नोंद ताजी, शाई अजून चमकत होती, अक्षर मोडीच्या वळणाचं, ठाशीव.

"केंद्र उत्तम. काटा बरोबर आहे. तपासून घेतला."

त्याच्याखाली मी लिहिलं, लहान बाळांचे कपडे बदलण्यासाठी जागा करावी. काट्याला आडोसा करावा. किलो आणि न्यूटन यांतला फरक लिहावा. नाव लिहिलं, गाव लिहिलं, सही केली. पुढं एक छोटा रकाना होता, तो मोकळा सोडून वही मिटली.

रखवालदारानं ती उघडून बघितली आणि पेन माझ्याकडं धरलं.

"अक्का, वयस्सु बरीरी."