सातबाऱ्यावर नोबडी

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली एनएफएस काढलं, म्हणजे सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून आपल्याच मशीनवर असल्यासारख्या वापरायची सोय, तो काळ फार सज्जन असावा. क्लायंटने, म्हणजे फायली मागणाऱ्या मशीनने, दारात येऊन 'हा आमचा माणूस, नंबर 1001' म्हटलं की सर्व्हर 'या, बसा, फायली बघा' म्हणायचा. पासवर्ड नाही, काही नाही. आमच्या ऑफिसात 1001 म्हणजे अकाउंट्सच्या मॅडम. पण नव्या इंटर्नच्या लॅपटॉपवरचं दुसरं खातंही 1001च निघालं, कारण उबुंटू ही लिनक्स सिस्टिम खात्यांना 1000पासून ओळीने नंबर वाटत सुटतं. एका सकाळी त्या पोराला अख्ख्या ऑफिसचे पगार तोंडपाठ. साहेबांचाही. (बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याचा स्टायपेंडही त्याच शीटमध्ये होता.)

साहेबांनी फर्मान काढलं, सगळं एन्क्रिप्ट करा. म्हणजे आलं कर्बरॉस, ओळख पटवून तिकीट देणारं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेलं, नाव ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. यात तीन पायऱ्या असतात. पहिली नुसती ओळख पटवते, दुसरी वाटेत कोणी मजकुरात ढवळाढवळ केली का ते बघते, तिसरी सगळाच मजकूर कुलपात घालते. साहेबांना अर्थातच तिसरी हवी होती. सर्व्हर आणि मॅडमचं टेबल यांच्यामध्ये फक्त एक गोदरेजचं कपाट आहे, हे मी बोललो नाही.

आधी घड्याळावरून अडलं. दोन मशीनच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक असला की कर्बरॉस दारातूनच हाकलतं. मॅडमच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला, त्यामुळे मशीन रोज सकाळी भलत्याच साली जागं व्हायचं. आमच्या ऑफिसात पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं मानणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. सेल बदलला, सर्व्हरवरचा फोल्डर एकदाचा माउंट झाला, म्हणजे मॅडमच्या मशीनला जोडला गेला, मी चहाला निघालो.

"अहो, इकडे या जरा. हा नोबडी कोण?"

मॅडमनी फाईलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या होत्या. मालक : नोबडी. सगळ्या फायलींचा. भावकीने परस्पर सातबाऱ्यावरून नाव उडवल्यावर माणूस तलाठ्याकडे बघतो, तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

इथला तलाठी म्हणजे आयडीमॅपिंग. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नंबराऐवजी 'नाव, ॲट, डोमेन' असा मजकूर येतो आणि तुमच्या मशीनने त्यावरून आपल्याकडचा माणूस शोधायचा असतो. दोन्हीकडचं डोमेन जुळलं नाही की सगळी इस्टेट 65534 नंबरच्या नोबडीच्या नावावर. मी सीएचओन ही मालक बदलायची आज्ञा मारून मालकी परत द्यायला गेलो, तर 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट'.

गंमत म्हणजे मॅडमना फाईल उघडता येत होती, सेव्हही होत होती. सर्व्हरने त्यांना तिकिटावरून बरोबर ओळखलं होतं. नोबडी फक्त इकडच्या उताऱ्यावर होता. मी तसं समजावलं.

"म्हणजे कसायचं मी आणि नाव त्याचं?"

यावर काय बोलणार! लॉग उघडला. सतरा भानगडींच्या ओळींमध्ये एक कामाची सापडली : अमुक नाव 'ऑफिस डॉट लोकल'मधलं आहे, ते 'लोकलडोमेन'मध्ये बसत नाही. सर्व्हर पहिलं मानत होता, मॅडमचं मशीन दुसरं. मॅडमच्या मशीनवर, ही नावं जुळवणाऱ्या आयडीमॅपडी प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाईलमध्ये डोमेनची ओळ होती, पण तिच्यापुढे हॅश. म्हणजे असून नसल्यासारखी. हॅश काढला, नाव दुरुस्त केलं, फोल्डर पुन्हा माउंट केला.

मालक : नोबडी.

मॅडमनी सुस्कारा सोडला. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जुनी उत्तरं काही काळ जपून ठेवतो, तुम्ही कितीही दुरुस्त्या करा, तो आपला जुनाच कागद पुढे करणार. 'एनएफएसआयडीमॅप'ला 'मायनस सी' लावून चालवलं की ती जपणूक रिकामी होते. ही आज्ञा लोक का लपवून ठेवतात कळत नाही. चालवली. मालकाच्या जागी मॅडमचं नाव आलं. नोबडी गेला.

मॅडमनी नाव दोनदा वाचलं, स्पेलिंगही तपासलं. मग पगाराची शीट डाउनलोड्समध्ये कॉपी केली आणि व्हॉट्सॲप वेब उघडलं.

"हे काय करताय?"

"साहेबांना पाठवतेय. त्यांच्याकडे तो फोल्डर उघडत नाही ना. म्हणाले, ग्रुपवर टाका, मोबाइलवर बघतो."