पंचवीस पूर्ण असल्याशिवाय मत मिळणार नाही

पोरं मतदानाला येत नाहीत म्हणून तुम्ही उगाच रक्त आटवताय. प्रभातफेऱ्या काढताय, कॉलेजात रांगोळी स्पर्धा घेताय, रंकाळ्यावर सेल्फी पॉइंट उभा करताय. त्या चौकटीत तोंड घालून पोरं फोटो काढतात आणि तिथनंच भेळ खायला जातात. भावांनो, तुम्ही मत फुकट देताय आणि वर या-या म्हणून आर्जवं करताय. कोल्हापूरच्या पोराला 'ये' म्हणून बघा, फिरकणार नाही. 'येऊ नको' म्हणा, भिंत चढून येतंय.

तेव्हा उत्पादन शुल्क खात्याकडनं शिका. महाराष्ट्रात सौम्य बिअरला 21 पूर्ण लागतात, व्हिस्की-रमला 25. शिवाय पिण्याचा परवाना. एका दिवसाचा विदेशीला 5 रुपये, देशीला 2 रुपये, आणि कागदोपत्री तो कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! एवढी कुंपणं असून 'कुठं मिळतं माहीत नव्हतं' म्हणणारं एक तरी पोरगं भेटलंय?

माझा भाचा 19 चा. शटर अर्धं खाली असताना किती वेळा वाजवायचं, मागच्या बोळात कुठली खिडकी, आतल्या माणसाला अण्णा म्हणायचं की काका, सगळं तोंडपाठ. मिशी अजून धड फुटली नाही म्हणून थोरल्याचं आधार कार्ड खिशात. याच गड्याला मतदार नोंदणीचा नमुना 6 भर म्हटलं, तर दोन महिने फोटोवर अडलाय. मोबाईलवरनं होतंय की रे, म्हटलं. "मामा, सर्व्हर डाऊन असणार." असणार! उघडून बघितलं कुणी?

सगळा घात 61 व्या घटनादुरुस्तीनं केला. 1989 साली मतदानाचं वय 21 वरनं 18 वर आलं आणि मताची किंमतच गेली. बाकी कायद्याची शिस्त बघा. 21 ला सौम्य बिअर चालते आणि नगरसेवक व्हायलाही तेच वय. 25 ला व्हिस्की, आणि आमदारकी-खासदारकीही 25 लाच. खुर्ची आणि बाटली सरकारनं एकाच मापानं मोजलीय, यात मी खोट काढणार नाही. फक्त 18 ते 21 या तीन वर्षांत पोरानं सरकार निवडायचं आणि त्याचं दुःख कशात बुडवायचं? गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाला वयाची अट नाही, तेवढाच आधार.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं याची गरज काय? 2024 च्या लोकसभेला कोल्हापुरात 71 टक्क्यांच्या वर मतदान झालं, राज्यात गडचिरोली-चिमूरच्या खालोखाल. मान्य, जगात भारी. पण जरा रांगेकडं बघा. काठी टेकत आलेली आजी आत, आणि तिला सोडायला आलेला नातू बाहेर गाडीवर रील बघत बसलेला. प्रचारात झेंडा त्याच्या हातात, ढाब्यावर तांबड्या-पांढऱ्याची तिसरी वाटी त्याच्याच पुढ्यात. यादीत तेवढं नाव नाही.

म्हणून उपाय ऐका. मतदान 25 वर न्या. केंद्राचं शटर अर्धं खाली ओढा. मतदार चिठ्ठी पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीतनं द्या. मतदान संपायच्या आधीचे 48 तास दारू बंद असते, त्याऐवजी मताबद्दल बोलणंच बंद करा. दारात एक जाडा माणूस बसवा, "वय काय रे?" एवढंच विचारणारा. आठवड्यात मागच्या बोळात रांग लागती का नाही बघा. थोरल्याचं आधार घेऊन पोरं मत टाकायला येतील. जमलं नाही तर गाड्या काढून घाट उतरून गोव्याला जातील, तिकडं 18 ला देतात म्हणं!

मग रात्री अकराला भाचा मागच्या दारानं घरात शिरेल, डावा हात खिशात घालून. आक्का उंबऱ्यातच उभी.

"कुठनं आलास? बोट दाखव."

"आई, शप्पथ, जेल पेन फुटलं."

"एवढं नखावर? आणि कुणाला दिलंस, ते सांग आधी."

"मी नाही दिलं. मित्रांनी दिलं, मी नुस्ता संगट हुतो."