मरीची ऋषी, पाव किलो

वहिनींच्या बचतगटाचं दुकान इंटरनेटवर उघडलं तेव्हा त्यात विकायच्या वस्तू सहा होत्या आणि त्या विकायला लागणारे प्लगइन, म्हणजे वेबसाइटला एकेक काम शिकवणारे जोड-प्रोग्राम, सत्तावीस. वायगावची हळद, भिवापुरी मिरची, जवसाची चटणी, कुरडया, मूगवड्या आणि घरी भरडलेली तूरडाळ. एवढाच माल आठवडी बाजारात नेला तर एक तरट आणि एक तराजू पुरतो, आणि तरटाला कधी अपडेट येत नाही.

मी या भानगडीत पडायचं कारण म्हणजे माझ्याकडे प्रिंटर आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात एस.टी.च्या थांब्यासमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, पोट्ट्यांचे परीक्षेचे फॉर्म. ज्याच्याकडे प्रिंटर त्याला कॉम्प्युटरमधलं सगळंच येतं अशी गावाची पक्की समजूत. वेबसाइट मुळात उभी केली ती वहिनींच्या इंजिनिअर भाच्यानं. दुकान उघडून तो नोकरीला हैदराबादला गेला आणि पासवर्डची चिठ्ठी वहिनींच्या हातात ठेवून गेला. वहिनींनी ती माझ्या हातात ठेवली. चिठ्ठीबरोबर बचतगटाच्या बारा बायाही माझ्या दुकानात यायला लागल्या.

‘फुकट आहे’ या दोन शब्दांवर गटाच्या बैठकीत ठराव पास झाला होता. खोटं नाही ते. वेबसाइट उभी करायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ सालापासून फुकट आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. त्यावर दुकान थाटून देणारं वूकॉमर्स २०११ साली आलं, तेही फुकट. पण फुकट मिळतो तो गाळा. ऑनलाइन पैसे घ्यायचे? प्लगइन. बिल द्यायचं? प्लगइन. गिऱ्हाइकाचा पिनकोड तपासायचा? प्लगइन. ऑर्डरचा ईमेल गिऱ्हाइकाच्या आणि आपल्या स्पॅममध्ये न जाता समोर पोचवायचा? त्यालाही प्लगइन, कारण सर्व्हरनं परभारे पाठवलेल्या मेलवर ईमेलवाले विश्वास ठेवत नाहीत, त्याला एस.एम.टी.पी. नावाच्या, ओळख पटवून जायच्या रीतसर वाटेनं पाठवावं लागतं. हे कळेपर्यंत वहिनींना ऑर्डर आल्याचं गिऱ्हाइकाच्या फोनवरूनच कळायचं. ‘माझी हळद कुठं आली?’ हा फोन म्हणजे ऑर्डर.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या यादीतच साठ हजारांच्या आसपास फुकट प्लगइन आहेत. त्यातून एक निवडणं हे बैलबाजारातून जोडी आणण्याइतकंच जोखमीचं. तिथं दात बघतात, चाल बघतात, आणि मुख्य म्हणजे मालक विकतोय कशाला ते चहाच्या टपरीवर विचारून घेतात. इथंही तसंच आहे. शेवटचं अपडेट केव्हाचं ते बघायचं. दोन वर्षं कुणी हात लावला नसेल तर मालक कधीच गाव सोडून गेलेला असतो. किती वेबसाइटवर चालू आहे ते बघायचं. वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलाय ते बघायचं. आणि पाच ताऱ्यांच्या कौतुकाकडे साफ दुर्लक्ष करून एक ताऱ्याच्या शिव्या नीट वाचायच्या, कारण खरी माहिती शिव्यांमध्येच असते. ‘अपडेट केल्यापासून चेकआउटचं बटण गायब’ असं तीन वेगवेगळ्या देशांतले तीन लोक लिहीत असतील तर चौथा देश आपला. फरक एकच. बैलाचा जुना मालक दर वर्षी येऊन नूतनीकरणाचे डॉलर मागत नाही. फुकटच्या प्लगइनमध्ये जे बटण आपल्याला हवं असतं, तेवढंच नेमकं फिकट रंगात असतं, आणि त्याच्या शेजारी ‘प्रो’ असं लिहिलेलं असतं.

पिनकोडचा प्लगइन मी हे सगळं बघून निवडला. त्याचं काम साधं. गिऱ्हाइकानं सहा आकडे टाकायचे, कुरिअर तिथं जातं की नाही ते त्यानं सांगायचं. कुरिअरवाल्याकडून यादी आणली, प्लगइनला चारली. पुणं चालू, मुंबई चालू, नागपूर चालू, गुवाहाटीसुद्धा चालू. मग शेजारच्या काकूंना म्हटलं, तुम्हीच पहिली ऑर्डर टाका, शुभ असतं. काकूंनी मोबाइलवर मोठ्या उत्साहानं आमचा ४४२नं सुरू होणारा पिनकोड टाकला. उत्तर आलं : ‘क्षमस्व, आपल्या भागात ही सेवा उपलब्ध नाही.’ काकूंच्या आणि वहिनींच्या घरात एक भिंत आहे, आणि तीही सामाईक. ज्या अंगणात मिरची वाळत होती, त्या अंगणात ती पोचवता येत नव्हती.

‘गुवाहाटीले जाते अन् माह्या घरी येत नाई?’ काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून गटात आणि काकूंमध्ये जो अबोला धरला गेला त्याला सर्वस्वी तो प्लगइन जबाबदार आहे.

बिलाचा मामला त्याहून रंगला. बिल मराठीतच पाहिजे असा वहिनींचा आग्रह, आणि तो मला रास्तच वाटतो. गटाच्या रजिस्टरला मराठी चालते तर गिऱ्हाइकाला का नको? पी.डी.एफ. बिल काढणारा एक प्लगइन बसवला. हळदीची बिलं गेली, चटणीची गेली, कुणाची तक्रार नाही. मग एक दिवस पुण्याहून एका निवृत्त संस्कृत शिक्षकांचा फोन आला. आवाज शांत, पण त्या शांतपणात छडी होती.

‘आपण मरिची विकता?’

मी म्हटलं, ‘होय सर, भिवापुरी. चांगली तिखट असते.’

‘मरीची हे सप्तर्षींपैकी एक आहेत. ब्रह्मदेवाचे मानसपुत्र. त्यांना पाव किलोच्या पाकिटात कसं भरता, एवढंच विचारायचं होतं.’

बिल उघडून बघितलं. खरोखरच ‘मरिची, २५० ग्रॅम’. झालं होतं असं, की कॉम्प्युटरच्या पोटात ‘मि’ साठवताना आधी म आणि मग पहिली वेलांटी अशाच क्रमानं साठवतात. वेलांटी उचलून म च्या डावीकडे नेऊन ठेवायचं काम अक्षरं दाखवणाऱ्यानं करायचं असतं. ब्राउझर ते गुपचूप करतो, म्हणून वेबसाइटवर मिरची मिरचीच दिसते. बिल काढणाऱ्या त्या प्लगइनला आपल्या लिपीची ही रीत ठाऊकच नव्हती. तो वेलांटीला म च्या पुढे सोडून मोकळा व्हायचा, आणि ती जाऊन र च्या गळ्यात पडायची. हळदीत पहिली वेलांटी नाही, जवसाच्या चटणीत नाही, कुरडयांत नाही. दोष ध्यानात यायला मिरचीच लागली. शेवटी भारतीय लिप्या जुळवता येणारा दुसरा प्लगइन शोधला तेव्हा ऋषी आपल्या जागी गेले. सरांनी मात्र त्यानंतर दर महिन्याला ऑर्डर दिली, आणि सूचना लिहायच्या रकान्यात न चुकता लिहिलं : ‘मरीची नको, मिरची पाठवावी.’

मिरचीनं आणखीही एक त्रास दिला. वस्तूच्या पानाचा पत्ता मराठीत ठेवला होता. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली रांग होते, एकेका खुणेची नऊ-नऊ चिन्हं. पाच खुणांची मिरची पंचेचाळीस चिन्हांची झाली. वहिनींच्या माहेरच्या लोकांनी ती लिंक बघून बँकेत फोन केला की आमचं खातं कुणी लुबाडतंय. पत्ता इंग्रजी अक्षरांत करून देणारा प्लगइन मिळतो. बसवला, काय करता!

भाच्यानं जाताजाता आणखी एक प्लगइन लावून ठेवला होता, विक्री वाढवणारा. वेबसाइट उघडली की कोपऱ्यात एक चौकट उसळायची : ‘कॅलिफोर्नियाच्या जॉननं आत्ताच कुरडया घेतल्या!’ थोड्या वेळानं लंडनच्या एमानं मूगवड्या घ्यायच्या. असे प्लगइन मनानंच नावं आणि गावं रचतात, म्हणजे आलेल्याला वाटावं दुकानात केवढी गर्दी. त्यानं कुणाला काय वाटलं माहीत नाही, पण वहिनी रात्री वही घेऊन माझ्या दारात आल्या. ‘भाऊजी, या जॉनचे पैसे कोठी हायेत?’ मी समजावलं, की जॉन असा कुणी नाही. ‘मंग कुरडया कोनं नेल्या?’ त्यांनी डबे मोजले, मगच त्यांचा जीव भांड्यात पडला. मला विचाराल तर तो प्लगइन सरळ लबाडी आहे, आणि बाजारात आपलंच माणूस गिऱ्हाईक म्हणून उभं करणाऱ्यांना आमच्याकडे काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

मग वेग वाढवणारा प्लगइन. तो पानाची एक तयार प्रत काढून ठेवतो आणि येईल त्याला तीच देतो. वस्तूंच्या पानांसाठी उत्तम. पण कार्ट, चेकआउट आणि खात्याचं पान यातून वगळायचं असतं, आणि नव्या आवृत्तीनं ती सेटिंग आपल्या मनानं पुसून टाकली होती. अमरावतीच्या एका बाईच्या कार्टात दोन किलो तूरडाळ होती. तेव्हापासून जो येईल त्याच्या कार्टात दोन किलो तूरडाळ. एकानं तक्रार केली. एकानं ती घेऊनही टाकली.

आणि एका सकाळी दुकानच गेलं. पांढरं पान, वर एक ओळ : या वेबसाइटवर गंभीर त्रुटी आली आहे. २०१९ पासून वर्डप्रेस अशा वेळी मालकाला ईमेल धाडतं, त्यात दोषी प्लगइनचं नाव आणि आत शिरायची चोरवाट असते. फार चांगली सोय. फक्त मालक म्हणून ईमेल भाच्याच्या कॉलेजचा होता, आणि कॉलेजनं तो त्याच्या निकालाबरोबरच बंद केला होता. त्यातच आमच्याकडची लाईन गेलेली, विजेची डी.पी. उडालेली. मोबाइलच्या नेटवर होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या सर्व्हरच्या, फाइलांत शिरलो आणि प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलून टाकलं. हा रामबाण आहे. वर्डप्रेसला फोल्डर सापडत नाही, सगळे प्लगइन एकदम बंद पडतात आणि आत जाता येतं.

आत गेल्यावर खरी गंमत. पैसे घेणाऱ्या प्लगइनवाल्यांना कळवलं, तर ते म्हणाले, दोष कुरिअरच्या प्लगइनचा. कुरिअरच्या प्लगइनवाले म्हणाले, पैसे घेणाऱ्याचा. दोघांनीही सल्ला एकच दिला : बाकीचे सगळे बंद करून बघा. चालत्या दुकानात गल्ला, बिल आणि दिवा बंद करून गिऱ्हाइकाला थांबायला सांगायचं म्हणजे झालं. ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ नावाचा एक प्लगइन आहे, त्यात फक्त आपल्यापुरतेच बाकीचे बंद होतात आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. प्लगइनचा त्रास काढायला आणखी एक प्लगइन. पण हा एक मात्र मी डोक्यावर घेतो.

शोधायची रीत म्हणजे अर्धे चालू, अर्धे बंद. बिघाड दिसला त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. सत्तावीसातला एकटा गुन्हेगार पाच फेऱ्यांत हाती लागतो. पण हा हिशेब गुन्हेगार एकटा असेल तरच खरा. आमच्याकडे पहिले अर्धे चालू केले, दुकान व्यवस्थित. दुसरे अर्धे चालू केले, व्यवस्थित. सगळे चालू केले की पुन्हा पांढरं पान. म्हणजे दोघंही आपापल्या जागी सज्जन, एका छपराखाली आले की डोकी फोडायचे. गावात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जोडी सापडली ती एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडल्यावर, त्यात दोघांची नावं एकाखाली एक लिहिलेली होती. हे मी आधी का केलं नाही असं भाचा फोनवर विचारतो. त्याला हैदराबादेत लाईन जात नाही.

त्यानंतर वहिनींनी बैठक घेतली. सगळ्या प्लगइनची यादी मोठ्यानं वाचायला लावली आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकच प्रश्न : ‘यानं आजपावतर किती मिरची इकली?’ जॉनवाला गेला. दिवाळीत पानावर दिवे उडवणारा गेला. मेलेल्या ऑफरची घड्याळं दाखवणारा गेला. भाच्यानं बसवलेले अकरा प्लगइन कशासाठी आहेत हे भाच्यालाही सांगता आलं नाही, तेही गेले. पिनकोडच्या यादीत आमचा पिनकोड मी हातानं घातला.

काकूंची समजूत काढायला गटाच्या तिघी गेल्या. काकूंनी पुन्हा मोबाइल काढला, पाव किलो मिरची, पैसे माल मिळाल्यावर. ऑर्डर गेली, ईमेल आला, बिलावर मिरची मिरचीच होती. वहिनींनी पाकीट उचललं, भिंतीवरून हात लांबवला आणि काकूंना बिल दिलं. काकूंनी चष्मा लावून ते खालपर्यंत वाचलं. महाराष्ट्रात कुठंही डिलिव्हरी सरसकट ऐंशी रुपये, असं सेटिंगमध्ये होतं.

‘काहून वं बाई,’ काकू म्हणाल्या, ‘भितीवरून देल्ल्या मिरचीचं ऐंशी रुपये भाडं?’