टोलेडो चार तासांत कसे उरकावे

माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर वसलेल्या टोलेडो शहराने रोमन, व्हिसिगॉथ, अरब आणि कॅस्टिलियन अशा एकामागून एक सत्ता पचवल्या आहेत. तेव्हा आपल्या चार तासांच्या भेटीने त्याला काही इजा होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती स्वतःची, कारण हे शहर बेसावध माणसाला गुंतवून ठेवते आणि गुंतलेला प्रवासी संध्याकाळच्या माद्रिदमधल्या खरेदीला मुकतो. आतोचा स्थानकावरून सुटणारी वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आसपास तिथे पोहोचवते खरी, पण तो मार्ग टाळावा. टोलेडोच्या स्थानकाची इमारतच इतकी देखणी आहे की वेळापत्रक फलाटावरच कोलमडते, आणि पुढे आपल्याला हाकणारे कोणी नसते. त्यापेक्षा सहलीची बस बरी. तिच्यात हजेरी होते, आणि एकदा हजेरी झाली की कुतूहलाची जबाबदारी टूर मॅनेजरकडे जाते.

बस प्रथम नदीच्या अलीकडच्या काठावर, मिरादोर देल व्हाये नावाच्या कठड्यापाशी थांबते. समोर टॅगस नदीने तीन बाजूंनी वेढलेली टेकडी, मधोमध कॅथीड्रलचा मनोरा, उजवीकडे अल्काझारचा चौकोनी किल्ला, असे संपूर्ण शहर एका नजरेत मावते. आपण त्याच्याकडे पाठ करून उभे राहावे आणि फोन उंच धरावा. चौकटीत चेहरा बसवताना कॅथीड्रल कापले गेले तर मन खट्टू होऊ देऊ नये. खुद्द चित्रकार एल ग्रेकोने या शहराचे निसर्गचित्र काढताना कॅथीड्रल सोयीप्रमाणे उचलून अल्काझारच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवले होते. त्याच्या आणि आपल्या कलाकृतीत फरक इतकाच की त्याने मनोरा हलवला तरी निदान ठेवला.

शहरात शिरल्यावर चढण लागते आणि गुडघे बोलू लागतात. महापालिकेने त्यासाठी टेकडीच्या पोटातून सरकते जिने केले आहेत, तेव्हा तटबंदी कशी चढावी लागत असे या विचारातून आपली आपोआप सुटका होते. वर आल्यावर मार्गदर्शक ‘तीन संस्कृतींचे शहर’ असे म्हणेल. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती इथे गुण्यागोविंदाने नांदले, हे ऐकून मान डोलवावी, जमल्यास एक सुस्काराही सोडावा, पण पुढचा प्रश्न मात्र विचारू नये. सांता मारिया ला ब्लांका या वास्तूत पांढऱ्याशुभ्र खांबांवर नालाच्या आकाराच्या कमानींच्या रांगा उभ्या आहेत; दिसायला ती मशीद, बांधली गेली सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणून आणि नाव मात्र कुमारी मेरीचे. हे नाव तिला कधी आणि कशामुळे मिळाले हे विचारलेत, तर १३९१ च्या ज्यूविरोधी दंगलींपर्यंत जावे लागेल आणि सहलीचा रंग उडेल. जवळच एल त्रान्सितोचे सिनेगॉग आहे; आता ते संग्रहालय आहे. राजा पेद्रोचा खजिनदार सॅम्युएल हालेवी याने ते चौदाव्या शतकाच्या मध्यात उभारले. भिंतींवरच्या नाजूक गिलाव्यात हिब्रू अक्षरांबरोबर अरबीही कोरली आणि राजाची स्तुतीही कोरून ठेवली. पुढे त्याच राजाने त्याला कैद केले आणि त्या कैदेतच त्याचा अंत झाला. १४९२ मध्ये तर उरलेल्या ज्यूंना, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, असे फर्मावण्यात आले. गुण्यागोविंदाचा मुद्दा अशा तपशिलांनी डागाळतो, म्हणून इथे नजर छताच्या लाकडी नक्षीवर खिळवून ठेवावी. सहलीसाठी सोमवार निवडला तर हा प्रश्नही मिटतो, कारण त्या दिवशी हे संग्रहालय बंदच असते.

भारतीय प्रवाशांनी एका माणसापासून विशेष जपावे. साईद अल-अंदलुसी नावाचा काझी अकराव्या शतकात याच टोलेडोत न्यायदान करीत असे. १०६८ मध्ये त्याने विद्येची जोपासना करणाऱ्या राष्ट्रांचा एक ग्रंथ लिहिला आणि त्यात पहिला मान हिंदुस्थानाला दिला. आपल्या अंकपद्धतीचे आणि बुद्धिबळाचे कौतुक केले. पुढे १०८५ मध्ये कॅस्टीलचा ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याने शहर घेतल्यावर, बाराव्या शतकात इथे बसून विद्वानांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या खगोलशास्त्राच्या ग्रंथाचा अनुवाद ११७५ च्या सुमारास इथेच पुरा केला. युरोपला गणित आणि खगोलशास्त्र ज्या वाटांनी मिळाले त्यातली एक मोठी वाट या गल्ल्यांमधून गेली, हे लक्षात आले तर पाय जड होतात. आपले लक्ष त्या वेळी इथे भारतीय जेवण कुठे मिळते या संशोधनात असावे. स्पॅनिश माणूस दुपारी दोनच्या आधी जेवायला बसत नाही आणि आपल्याला साडेबाराला भूक लागते, हा तिढा चिवड्याच्या पिशवीने सुटतो. झोकोदोव्हेर चौकातला बाक त्यासाठी उत्तम आहे.

एल ग्रेको टाळता येत नाही, कारण तो कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. सांतो तोमेच्या चर्चमध्ये ‘काउंट ऑफ ऑर्गाझचे दफन’ हे जवळजवळ पाच मीटर उंचीचे चित्र आहे. काउंट वारला १३२३ मध्ये, चित्र रंगवले १५८६ ते १५८८ या काळात, आणि शोक करायला उभे आहेत ते चित्रकाराच्या ओळखीचे टोलेडोतले प्रतिष्ठित गृहस्थ. म्हणजे अडीचशे वर्षे उशिरा येऊनही फोटोत पुढच्या रांगेत उभे राहण्याची कला आपल्याकडेच आहे असे नाही. खाली डावीकडे मशाल धरलेला मुलगा चित्रकाराचा स्वतःचा, आणि त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर त्याचे जन्मसाल लिहिलेले आहे. ते वाचायला पुढे वाकलात तर मागचा गट खाकरेल, म्हणून वाकू नये. एल ग्रेकोच्या नावाचे संग्रहालय पाहणे अधिक सोयीचे: तो त्या घरात राहिलेलाच नाही, विसाव्या शतकाच्या आरंभी एका उमरावाने जुनी वास्तू सजवून ते थाटले, त्यामुळे तिथे भारावून जाण्याचे बंधन नाही.

कॅथीड्रल १२२६ मध्ये सुरू होऊन १४९३ मध्ये पूर्ण झाले. आत वेदीमागे प्रकाश यावा म्हणून अठराव्या शतकात छताला चक्क भगदाड पाडले आहे आणि कार्डिनलांच्या लाल टोप्या त्यांच्या थडग्यांवर दोरीने लोंबत असतात. मात्र पत्रिकेत ‘बाहेरून दर्शन’ असे लिहिलेले असते, त्यामुळे हा त्रास होत नाही.

वाचलेला वेळ तलवारींच्या दुकानाला द्यावा. टोलेडोचे पोलाद जगप्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच दुकानात जपानी सामुराईंच्या व चित्रपटांतल्या जादूगारांच्या तलवारी टांगलेल्या असतात. मराठी गटात या ठिकाणी एक काका हमखास घसा साफ करून, भवानी तलवार इथेच घडली, असे जाहीर करतात. मराठ्यांच्या फौजेत युरोपी पात्याच्या ‘फिरंग’ तलवारी होत्या एवढे खरे. पण भवानीबाबत आधार काय, असे विचारून काकांचा आणि गटाचा विरस करू नये. तलवार विमानात हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, ही बातमी पैसे दिल्यानंतरच आठवावी. काळ्या पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी करणारा कारागीर दाराशी बसलेला असेल, तर त्याच्या खांद्यावरून वाकून किंमत विचारावी. तो हातोडी थांबवून वर पाहतो, तोच क्षण व्हिडिओत चांगला येतो.

परतताना हुरहूर लागलीच, तर फिलिप दुसरा याची आठवण काढावी. त्याने १५६१ मध्ये अख्खा दरबार माद्रिदला हलवला. राजाला जिथे राहवले नाही तिथे आपण रात्रीचे कशाला थांबायचे? बसमध्ये बदामाच्या मार्झिपानचा डबा फिरवावा, आपल्या काजूकतलीची सर नाही असा निर्वाळा द्यावा आणि दुसऱ्या दिवशीची तयारी करावी. उद्या अव्हिला आणि सेगोव्हिया ही दोन्ही शहरे आहेत, पण घाबरू नये; सेगोव्हियाचा रोमन जलसेतू इतका उंच आहे की त्यासाठी बसमधून उतरावेही लागत नाही.