घड्याळाचं माहेरपण

पन्नाशीला स्वतःचं कौतुक म्हणून मी स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. घरात किंमत सांगताना शेवटचं शून्य गाळलं. (पुढे बिल हिच्या हाती लागलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

ऑटोमॅटिक म्हणजे सेल नाही, रोज किल्ली द्यायची कटकट नाही. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. मेख एवढीच, की हात हलला पाहिजे. माझी नोकरी सह्या करण्याची. सह्या उजव्या हाताने, घड्याळ डाव्या. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलं, की 40 तासांचा साठा संपून रविवारी दुपारी बाराला राम म्हणायचं. म्हणून मी शनिवारी गॅलरीत उभा राहून डावा हात हलवू लागलो. समोरच्या काकू आठवडाभर उलट हात हलवत होत्या.

"डॉक्टर तीन वर्षं चाला म्हणतायत, तेव्हा नाही हललात," ही म्हणाली.

तारखेचं सोवळं तर विचारूच नका. 31 दिवस नसलेले महिने पाच, म्हणजे वर्षातून पाचदा तारीख हाताने पुढे ढकलायची. तीही रात्री नऊ ते पहाटे तीन सोडून, कारण तेव्हा आतली चाकं तारीख बदलण्याच्या तयारीत असतात. मध्येच ढवळाढवळ केली तर दाते मोडायचे. आता दहावर बंद पडलेलं घड्याळ सकाळचे दहा दाखवतंय की रात्रीचे, हे कोणाला विचारायचं?

बरं, एवढं करून वेळ? स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र मिळवायलासुद्धा दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे, एवढी सूट असते. हिचं भाजीबाजारात जाणारं सेलचं घड्याळ महिन्यात पंधराएक सेकंद चुकतं. माझं तेवढं तीन दिवसांत उरकतं.

पाचव्या वर्षी ते दिवसाला चार मिनिटं पळू लागलं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने ते मखमली ट्रेमध्ये घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, कशाचा शॉक वगैरे?"

मला गणपतीतल्या आरत्या आठवल्या. दहा दिवस, दोन्ही वेळा, मनापासून टाळ्या. बोललो नाही.

शंभरावर भाग सुटे करून धुणार, तेल देणार, रबरी सील बदलणार. 46 हजार, तीन महिने. आमच्या पहिल्या स्कूटरला एवढे पडले नव्हते. पाच वर्षांतून एकदा माहेरपण, आणि साडीचोळी आपणच करायची!

मनगटावरचा पांढरा पट्टा झाकायला वडिलांचं जुनं किल्लीचं घड्याळ कपाटातून काढलं. वीस वर्षं पडून होतं. दहा वेळा पिळलं तर टिकटिकायला लागलं. दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं, पण त्याच्याशी जमलं माझं. वडील आंघोळीनंतर द्यायचे तशी रोज किल्ली देतो, बाकी काही बघत नाही.

परवा फोन आला. "सर, घड्याळ तयार आहे. सातपर्यंत या."

मी रुबाबात मनगट वळवलं. सव्वासहा. चहा घेऊन निघालो. पोहोचलो तर शटर खाली आणि वॉचमन कुलूप हलवून बघतोय.

"साहेब, साडेसात होऊन गेले," मोबाइल माझ्यासमोर धरत तो म्हणाला, "घड्याळ नाही का तुमच्याकडे?"