तीन इंच लाल माती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उथळ खळगे थोडं थोडं भरत लॉन दोन मोसमांत सपाट करावं आणि काळ्या मातीवर वाळू टाकावी, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'खड्डे पडलेलं लॉन सपाट करायला दोन मोसम कशाला? आमच्या माळ्याने ट्रॉलीभर लाल माती आणून तीन इंच थर दिला, रोलर फिरवला, एका दिवसात काम झालं. तुम्ही लोकांना उगाच घाबरवता. आणि काळ्या मातीवर वाळू टाकायला सांगणं चूक आहे.'

वाळूचं आधी. तिथे तुमचं बरोबर आहे, मी फार मोघम लिहिलं होतं. नुसती वाळू टाकली तर उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, वाळू भेगांत उतरते आणि खड्डा जागच्या जागी राहतो. मी वापरतो ते मिश्रण असं : दोन घमेली धुतलेली वाळू, एक घमेलं पोयटा (गाळाची माती) आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, सगळं चाळून. लेखात ही दुरुस्ती करतो.

पण तीन इंच मातीचं मला अजिबात पटत नाही, कारण मी स्वतः तेच केलं होतं. नाशिकच्या आमच्या अंगणात मेक्सिकन नावाच्या गवताचं लॉन आहे. लाल मातीचा थर दिला, दोन दिवस अंगण फार देखणं दिसलं. पंधरा दिवसांनी खुरप्याने माती बाजूला केली तर खालचं गवत पिवळं, बुळबुळीत झालेलं आणि आंबूस वास. पाऊस पडल्यावर जे हिरवं वर आलं तो लव्हाळा होता, म्हणजे तण. मातीतून त्याच्या गाठी आल्या होत्या. उपटला की वरचा भाग हातात येतो, गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते. तुमच्याकडे हरळी असेल तर ती जमिनीखालच्या कांड्यांतून वर येते, म्हणून तुमचं लॉन तगलंही असेल. मेक्सिकनला ते सहसा जमत नाही.

त्याहून वाईट झालं ते घराचं. अंगण तीन इंच उंचावलं आणि पाण्याचा उतार जोत्याकडे फिरला. त्या पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरला. सगळी माती पुन्हा घमेल्यांनी काढून बाहेर टाकली.

तेव्हा कुठे खड्ड्याकडे नीट पाहिलं. तो सरळ रेषेत होता, गेटपासून नळापर्यंत. पाइपासाठी खणलेला चर नुसता माती लोटून बुजवला होता आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा बसत होता. वरून कितीही माती टाकली असती तरी तो बसतच राहिला असता. मग फावड्याने गवताचे मुळांसकट दोन इंच जाडीचे चौकोन कापून गोणपाटावर सावलीत ठेवले. चरात चार-चार इंच माती भरत, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकत वर आलो, शेवटी बोटभर उंच ठेवलं आणि चौकोन परत बसवून पाणी दिलं. खोल खड्ड्याचं हे काम खरोखर एका दिवसाचं आहे.

दोन मोसम लागतात ते उथळ खळग्यांना. तिथे एका वेळी वर सांगितलेल्या मिश्रणाचा अर्धा इंच थर, त्याहून जास्त नाही. खराट्याने पसरल्यावर पात्यांची टोकं वर दिसलीच पाहिजेत. गवत वर आलं की तीन-चार आठवड्यांनी पुढचा थर. हे गवताच्या वाढीच्या दिवसांतच करायचं, थंडीत नाही. रोलर फक्त वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. ओल्या काळ्या मातीवर फिरवला तर उंचवटा तसाच राहतो, माती मात्र दाबली जाऊन घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

तुमचं लॉन तुमच्या डोळ्यांसमोर आहे, माझ्या नाही. म्हणून एक विनंती : जोत्यापासून कुंपणापर्यंत दोरी ताणा, मिस्त्री वापरतात तशा पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या. घरापासून दूर जाताना मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन पाणी कुठे साचलंय तेही पाहा. भिंतीलगत असेल तर तिथली लाल माती लगेच काढा, पुढच्या सरीची वाट पाहू नका. आणि गवत कुठलं आहे ते इथे जरूर कळवा.